साच्यात ओतलेलं गांडूळ

मासेमारीच्या इतिहासात होड्या, जाळी, बंदरं यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. गळाला लावायच्या आमिषावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. आमिष म्हणजे काय, तर गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. त्यात लिहिण्यासारखं काय असणार? पण गेल्या शंभर वर्षांत या आमिषाचं जे काही झालं ते मला फार रंजक वाटतं. घरी शेगडीवर प्लॅस्टिक तापवायचं, साच्यात ओतायचं आणि त्यातून लुसलुशीत गांडूळ, मासोळी किंवा बेडूक काढायचा, असा एक उद्योग जगभरातले हौशी लोक करतात. त्याची गोष्ट शोधत गेलं की माणूस आधी अमेरिकेतल्या एका रबराच्या शहरात पोचतो आणि तिथून फिरून थेट आपल्या जळगावला येतो. कसा, ते सांगतो.

आधी आपलं गाव. नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. आता एमआयडीसीही आहे. रस्त्याने उत्तरेला निघालं की शिरपूरच्या अलीकडे सावळद्याला तापीचा पूल लागतो. याच तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते. पूर्वी उन्हाळ्यात तापी म्हणजे वाळू आणि मधूनमधून डोह. आता सुलवाडे आणि सारंगखेडा इथल्या बॅरेजमुळे पाणी अडून राहतं. पाणी आलं की मासा आला, आणि मासा आला की गळ आलाच.

गळ ही फार जुनी वस्तू. मोहेंजोदडो आणि लोथलला तांब्या-काशाचे गळ सापडलेत. आपल्याच तापीवर, गोमाईच्या संगमाजवळ प्रकाशा इथे १९५५ साली उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. माणूस इतकी हजार वर्षं नदीकाठी राहतोय म्हटल्यावर मासेही तेवढीच वर्षं खातोय, हे सांगायला पुरातत्त्वज्ञ नको. मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. ज्यांचं पोट मासळीवर, त्यांचं मुख्य हत्यार जाळं. भोई समाजाची ओळख जाळ्याशी जोडलेली आहे. गळ हा त्यामानाने सवडीचा धंदा. काठावर बसायचं, दोरी टाकायची आणि वाट बघायची. म्हणून गळाचं आमिषही हाताशी असेल ते. ओल्या मातीतलं गांडूळ, कणीक, नाकतोडा, कोंबडीची आतडी. मरळीसाठी बेडूक, तोही जिवंत.

आमिषाची गंमत अशी की ते टिकाऊ नसणं हाच त्याचा गुण. गांडूळ मऊ असतं, वळवळतं, त्याला वास असतो, म्हणून मासा ते गिळतो. आणि याच कारणांनी ते सुटतं, मरतं, उन्हात वाळतं, पुन्हा उकरून काढावं लागतं. उन्हाळ्यात खान्देशातल्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, तेव्हा गांडूळ शोधून दाखवा! तेव्हा न मरणारं गांडूळ मिळालं तर बरं, ही इच्छा गळाइतकीच जुनी असणार.

युरोपातल्या लोकांनी ही इच्छा पिसं, केस आणि रेशीम वापरून पुरी करायचा प्रयत्न केला. गळाभोवती पिसं बांधून माशी करायची. पुढे लाकडाच्या आणि धातूच्या मासोळ्या आल्या, चमच्यासारखे चकाकणारे पत्रे आले. इंग्रज साहेब हे सगळं सामान घेऊन हिंदुस्थानात उतरले आणि महाशीर माशाच्या मागे लागले. मद्रास इलाख्यातले एक सनदी अधिकारी, हेन्री सलिव्हन थॉमस, यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ नावाचं पुस्तकच लिहिलं. साहेबाचा मासेमारीकडे बघण्याचा दृष्टिकोन भोयापेक्षा वेगळा होता. साहेबाला मासा हरवायचा होता, भोयाला तो घरी न्यायचा होता. नकली आमिषाचा सगळा इतिहास या पहिल्या प्रकारच्या माणसांनी घडवलाय.

पण या सगळ्या नकली आमिषांत एक खोट होती. ती कडक होती. माशाला हात नसतात, तो वस्तू तोंडात घेऊन पारखतो. दाताखाली लाकूड किंवा पत्रा आला की क्षणात थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात काठीला झटका द्यायला जमलं तर मासा आपला, नाहीतर गेला. रबर वापरून बघणारेही होते. पण व्हल्कनाइज केलेलं रबर चिवट असतं. ते वाकतं खरं, पण गांडुळासारखं लोळत नाही. चामड्याच्या वादीचं आणि शेवयांचं जेवढं नातं, तेवढंच त्याचं आणि गांडुळाचं.

आता अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं शहर आहे. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, सगळ्या टायरवाल्यांचं मूळ गाव. तिथे गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ १९२६ साली कामाला लागला. त्याला हवा होता धातूला रबर चिकटवणारा एक पदार्थ. त्या खटपटीत त्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजे पीव्हीसी हाताशी धरलं. हा पदार्थ नवा नव्हता. जर्मनीत ऑयगन बाउमान याला १८७२ सालीच बंद नळीत, उन्हात ठेवलेल्या वायूतून ही पांढरी पूड मिळाली होती. पण तिचं करायचं काय, हे कोणाला कळत नव्हतं. कडक, ठिसूळ आणि तापवली की बिघडणारी पूड. सेमनने ती सहजासहजी न उडणाऱ्या एका तेलकट द्रवात तापवली आणि गार होऊ दिली. हाती आलं ते जेलीसारखं, दाबलं तर दबणारं आणि सोडलं तर पूर्ववत होणारं काहीतरी. चिकटपणा शून्य! म्हणजे जे शोधायचं होतं ते मिळालंच नाही. मिळालं मऊ प्लॅस्टिक. रेनकोट, न्हाणीघराचे पडदे, विजेच्या तारांवरचं आवरण, सगळं त्यातून पुढे आलं.

इथे काय घडतं ते थोडं समजून घ्यायला हवं. पीव्हीसीचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, म्हणून पदार्थ कडक. त्यांच्यामध्ये तेलकट द्रवाचे रेणू शिरले की साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात, म्हणून पदार्थ मऊ. आपण कणकेला तेलाचं मोहन घालतो, काहीसं तसंच. मोहन किती, यावर सगळं अवलंबून.

याच अॅक्रनमध्ये निक क्रीम नावाचा मासेमारीचा वेड लागलेला माणूस राहत होता. त्याने १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात हा मऊ पदार्थ शिजवायला घेतला. व्हिनाइल, तेल आणि रंग. खऱ्या गांडुळावरून साचा केला आणि त्यात हे मिश्रण ओतलं. निघालेलं गांडूळ पाण्यात टाकलं की खऱ्यासारखं हलायचं, आणि माशाच्या तोंडात गेलं की खऱ्यासारखं मऊ लागायचं. मासा ते लगेच थुंकत नव्हता. मासा आणि माणूस यांच्यातल्या एका क्षणाच्या शर्यतीत माणसाला आणखी एक-दोन क्षण मिळाले. शोध एवढाच. पण निक आणि त्याची बायको कॉस्मा यांचा घरगुती उद्योग त्यावर उभा राहिला. टपालाने गांडुळं विकता विकता त्याचा कारखाना झाला आणि पुढे टेक्सासमधल्या टायलर गावी गेला.

टेक्सासच का? तर धरणं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे मोठमोठी धरणं झाली. जलाशयांत झाडं, कुंपणं, शेतं बुडाली. बुडालेल्या झाडांत मासा लपायचा आणि उघडा गळ फांद्यांत अडकायचा. मऊ गांडुळाच्या अंगातच गळाचं टोक खुपसून लपवलं की ते फांद्यांमधून अलगद निघायचं. या पद्धतीला आजही जगभर ‘टेक्सास रिग’ म्हणतात.

हे वाचताना मला आपली धरणं आठवली. गिरणा, हतनूर, आणि गुजरातेत बांधलेलं पण फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात आणणारं उकाई. उकाई १९७२ चं. तिथेही झाडं बुडाली, शेतं बुडाली, गावं बुडाली. फरक असा की आपल्याकडच्या जलाशयांत मासेमारीची हौस उभी राहिली नाही. उभ्या राहिल्या त्या मच्छीमार सहकारी संस्था. जलाशयाचा ठेका, कटला-राहूचं बीज, जाळी आणि बाजार. अमेरिकेत जिथे सुट्टी घालवायला जातात तिथे आपल्याकडे दिवसाची भाकरी शोधतात. याचा निवाडा करायचा नाहीये, पण पुढचा मुद्दा यावर उभा आहे म्हणून सांगून ठेवतो.

आता साच्याकडे येऊ, कारण घरी आमिष करणाऱ्याची खरी कला साच्यात आहे. साचा आपल्याला नवा नाही. होळीला खान्देशात साखरेचे हार-कडे करतात ना, ते आठवा. लाकडाचा दोन फळ्यांचा साचा, आत कोरलेली नक्षी, मध्ये दोरा ठेवायचा, दोन्ही फळ्या घट्ट आवळायच्या, वरच्या भोकातून कढत पाक ओतायचा. थोड्या वेळाने साचा उघडला की दोऱ्यात गुंफलेली माळ तयार. मऊ आमिष ओतणारा नेमकं हेच करतो. पाकाच्या जागी प्लॅस्टिक, फार तर दोऱ्याच्या जागी गळ.

सुरुवातीचा साचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. डब्यात प्लॅस्टर कालवायचं, त्यात नमुना अर्धा बुडवायचा, सुकलं की काढायचा. हा उघडा साचा. यातल्या गांडुळाचं पोट गोल आणि पाठ सपाट निघते. दोन्हीकडून गोल हवं तर दोन भागांचा साचा, मग एका बाजूला ओतायचं भोक आणि दुसरीकडे हवा निघायची वाट. गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यातून मूर्ती काढताना ज्याने पाहिलंय त्याला यातलं काही समजावून सांगायला नको. पुढे सिलिकॉनचे साचे आले, मग यंत्रावर कोरलेले अॅल्युमिनियमचे, ज्यांत मोठ्या पिचकारीने प्लॅस्टिक भरतात.

ओतायचा माल म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसीची बारीक पूड तेलकट द्रवात कालवलेली असते, दिसायला दुधासारखी. मऊ आमिषात या तेलाचं वजन पुडीपेक्षाही जास्त असतं. हे दूध तापवलं की आधी दाट होतं, गोळा होतो, आणि हे काही खरं नाही असं वाटत असतानाच १७५ अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतं. तीच वेळ रंग घालायची आणि ओतायची. त्यापुढे तापलं तर पिवळं पडतं, जळतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा घसा जाळणारा धूर सोडतं. म्हणून जाणते लोक हे काम उघड्या हवेत करतात आणि त्यासाठी वापरलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेत नाहीत.

हार-कड्यांच्या साच्यात आणि यात एक मोठा फरक आहे. साखरेचा लाकडी साचा आधी पाण्यात भिजवून घेतात, म्हणजे पाक चिकटत नाही. प्लास्टिसॉलच्या साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची तत्क्षणी वाफ होते आणि वितळलेलं प्लॅस्टिक अंगावर उडतं. एकाच्या कृतीत पाणी मित्र, दुसऱ्याच्या कृतीत वैरी. हा फरक नुसता कृतीपुरता नाही असं मला वाटतं. साखरेचं कडं पाण्यात पडलं तर विरघळून जातं. प्लॅस्टिकचं गांडूळ पाण्यात पडलं तर पडूनच राहतं.

आणि आता जळगाव. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली. त्यानंतर खान्देशातल्या शेतात हा पाइप इतका रुजला की विहीर ते वाफा हे अंतर म्हणजे पाइपच, असं समीकरण झालं. केळीच्या बागा त्यावर उभ्या राहिल्या. हा पाइप आणि अॅक्रनचं गांडूळ, दोन्हींच्या मुळाशी तीच पांढरी पूड. वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन, म्हणजे मुळात मिठातून आलेली. पाइपात मोहन जवळजवळ नाही, म्हणून तो पाण्याचा दाब सोसतो. गांडुळात मोहनच जास्त, म्हणून ते लोळतं. एकाने तापी-गिरणेचं पाणी शेतात नेलं, दुसरं त्याच प्रकारच्या पाण्यात मासा फसवायला उतरलं. आपण खान्देशी माणसं प्लॅस्टिकला परकी नाही. आपण फक्त त्याच्या कडक बाजूचे सोयरे!

मऊ बाजूही आता आपल्याकडे आलीय. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, पण आपल्याकडची जुनी हौस कटला-राहूची. ते कणकेला आणि मसाल्याच्या वासाला भुलतात, त्यांना वळवळणाऱ्या वस्तूचं कौतुक नाही. मरळीचं तसं नाही. मरळ शिकारी. पाणवनस्पतींत दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की झडप घालते. तिच्यासाठी पोकळ, मऊ अंगाचे नकली बेडूक आता भारतातही सर्रास विकले जातात. गळाची टोकं बेडकाच्या पाठीला चिकटलेली, शेवाळात न अडकणारी. टेक्सासची युक्ती तापीच्या शेवाळाला लागू पडते.

इथेच माझ्या मनात खरा प्रश्न उभा राहतो. जिवंत बेडकाला गळाला टोचून तासभर पाण्यात नाचवायचं, हे क्रूर आहे. बेडूक शेतकऱ्याचा मित्र, किडे खातो. तेव्हा नकली बेडूक आला हे पुण्यच म्हणायचं. पण नकली बेडूक तुटून पाण्यात राहिला तर? खरं गांडूळ सुटलं तर कोणा माशाच्या पोटात जातं आणि हिशेब संपतो. नकली सुटलं तर तेही माशाच्या पोटात जातं आणि हिशेब तिथून सुरू होतो. मऊ आमिषं गिळलेले, पोटात ती तशीच बाळगणारे मासे अमेरिकेतल्या तळ्यांत सापडलेत. मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर बंदी घालायचं विधेयक विधिमंडळात आलं होतं. मासेमारांनी विरोध केला, बंदी झाली नाही, विषय अभ्यासावर सोडला गेला. शिवाय मऊपणा देणारं ते तेल. बरीच वर्षं यासाठी थॅलेट गटातली रसायनं वापरली गेली. लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांतल्या काहींवर युरोपात आणि २००८ च्या कायद्याने अमेरिकेत निर्बंध आले, कारण मुलं खेळणी तोंडात घालतात. मासाही तोंडातच घालतो, पण माशाचे आईबाप तक्रार करायला जात नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला हा वाद अनोळखी नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा वाद दुसरा कसला आहे? साच्यातून झटपट, स्वस्त, हुबेहूब वस्तू निघते, ती पाण्यात जाते आणि मातीसारखी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम केले, २०२० मध्ये ते आणखी कडक केले, तरी भांडण चालूच आहे. साच्याचा दोष नाही. साचा शेकडो वर्षं साखरेचे हार-कडे काढतोय, कोणाचं काही बिघडलं नाही. साच्यात काय ओतलं आणि ते शेवटी कुठे गेलं, एवढंच विचारायचं असतं.

आणि इथे घरी आमिष करणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. हे प्लॅस्टिक पुन्हा वितळतं. फाटलेलं गांडूळ, तुटलेली शेपटी, ओतताना सांडलेला तुकडा, सगळं डब्यात जमवून पुन्हा तापवता येतं, पुन्हा साच्यात घालता येतं. ज्याने स्वतः ओतलंय त्याला प्रत्येक तुकड्याची किंमत माहीत असते, तो फाटकं आमिष खिशात घालून परत आणतो. वीस नगांचं पाकीट विकत घेणाऱ्याला ती सवय लागत नाही. फाटलं, फेकलं, नवं लावलं. निक क्रीमने घरात सुरू केलेला उद्योग कारखान्यात गेल्यावर स्वस्त झाला आणि स्वस्त झाल्यावर पाण्यात पडू लागला. आपल्या पाइपाचंही काही वेगळं नाही. शेतात कामाला आहे तोवर लक्ष्मी, फुटला की बांधावर पडून, नाहीतर पाचटाबरोबर पेटवून दिलेला. पीव्हीसी पेटवलं की निघणारा धूर तोच, घसा जाळणारा.

मघाशी धरणांबद्दल बोलताना हौस आणि भाकरी असा फरक सांगितला होता. तो इथे कामाचा आहे. टेक्सासचा हौशी माणूस मासा पकडतो आणि बहुतेकदा परत सोडून देतो. त्याने टाकलेलं प्लॅस्टिक ज्या माशाच्या पोटात गेलं तो मासा त्याच्या ताटात येत नाही. तापीवर तसं नाही. इथे हौशी माणसाने सोडलेला मासा उद्या भोयाच्या जाळ्यात येणार, परवा शिंदखेडा किंवा शिरपूरच्या बाजारात आणि मग कोणाच्या तरी कालवणात. एकाच पाण्यात एकाचा खेळ आणि दुसऱ्याचं पोट असेल, तर खेळणाऱ्याने खेळणं उचलून न्यायला हवं. एवढी साधी गोष्ट कायद्याची वाट का बघते, कोण जाणे.

असो. मऊ आमिषाच्या शोधाला मी नावं ठेवत नाही. टाकाऊ ठरलेल्या पुडीतून सेमनने मऊपणा काढला, निकने स्वयंपाकघरात त्याला जिवंतपणाचा भास दिला, आणि कित्येक बेडकांचे जीव त्यामुळे वाचले असतील. माणसाच्या हाताने केलेली ही नक्कल अव्वल आहे. गांडुळाचा आकार, त्याचा मऊपणा, त्याची वळवळ, सगळं साच्यात उतरलं. त्याचं मरणं, मातीत मिसळून जाणं तेवढं अजून उतरायचं आहे. साचा करणाऱ्याने पुढचं काम तेच समजावं. ते जमेपर्यंत फाटकं गांडूळ खिशात टाकून घरी आणायला काही लागत नाही.